साबण लावून ठेवलेली माणसं

कळमनुरीतल्या माणसांच्या अंगात आज जो काही संयम शिल्लक आहे, तो शाळेने शिकवलेला नाही, देवळाने नाही आणि मशिदीनेही नाही. तो आमच्या चाचांच्या दुकानातल्या लाकडी बाकावर बसून कमावलेला आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली, चाचांचं कटिंगचं दुकान चाळीसेक वर्षं उभं आहे आणि एवढ्या वर्षांत तिथून कुणी वेळेवर बाहेर पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दुकानात खुर्च्या दोन. त्यांतल्या एकीची पाठ मोडलेली आहे, म्हणून तिच्यावर गिऱ्हाईक बसत नाही, चाचा स्वतः बसतात. उभा बांधा, मेंदीने लाल केलेली दाढी, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी आणि कानावर खोचलेला कंगवा. अख्ख्या गावाच्या दाढ्या उतरवणारा हा माणूस स्वतःच्या दाढीवरून मात्र दिवसातून पन्नास वेळा प्रेमाने हात फिरवतो, आणि तेवढा वेळ आपला साबण वाळत असतो.

साबणाची त्यांची खोड तर तालुक्यात प्रसिद्ध आहे. दुकानाच्या पायरीवर माणसाचा पाय पडला रे पडला की चाचा ब्रश घेऊन पुढे येतात. तुमचा नंबर सहावा असो की नववा, आधी साबण. खुर्ची रिकामी नसते, म्हणून बाकावरच. मग ते पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळतात, त्याचा एक गाल करतात आणि दुसरा गाल करायच्या आधी समोरच्या सायकलवाल्याशी बोलायला निघून जातात. मी लहान होतो तेव्हापासून बघत आलोय, त्या बाकावर पाच-सहा पोक्त माणसं पांढरी तोंडं घेऊन ओळीने बसलेली असतात आणि हळदीबद्दल, सुनांबद्दल, नळाला न आलेल्या पाण्याबद्दल बोलत असतात. साबण वाळला की चाचा पुन्हा एक हात मारून जातात. कुणी कुरकुर केलीच तर म्हणतात, "दाढी भिजली पाहिजे ना! बिनभिजल्या दाढीवर वस्तरा म्हनजे जुलूम है." खरं कारण निराळं आहे. साबण लावलेला माणूस उठून दुसऱ्या दुकानात जात नाही. भर बाजारातून तसल्या तोंडाने जायचं म्हणजे लाज सोडावी लागते, आणि चाचांना गावाच्या लाजेवर पूर्ण भरवसा आहे.

एकदा नांदेडला निघालेल्या काळीपिवळीचा ड्रायव्हर गाडी भरेपर्यंत दाढी उरकून घ्यावी म्हणून आत आला. गाडी भरली, ड्रायव्हर येईना. म्हणून एक सवारी त्याला शोधत आली. तिला साबण लागला. तिला शोधायला दुसरी आली, तिलाही लागला. असं करता करता गाडीत दोन बायका आणि टोपलीतली एक कोंबडी एवढंच उरलं. शेवटी त्यांतली एक म्हातारी दुकानाच्या दारात येऊन कडाडली, "आरं ए ड्रायव्हर, तू येऊन राहिला का मी जाऊ चालत नांदेडला?" तेव्हा कुठे सगळे जण टॉवेलाने तोंडं पुसत बाहेर पडले. एकाचीही दाढी झालेली नव्हती. चाचा मात्र दुखावल्या आवाजात म्हणाले, "असं काहून करतेत लोक? आत्ताच तर भिजली होती."

घाईशी चाचांचं जुनं वैर आहे. ज्याला घाई, त्याचा नंबर सगळ्यात शेवटी, हा दुकानाचा कायदा. "घाईच्या मानसाची मान हालती. उद्या कान कापला तर तुमी मलाच म्हनताल," असं त्याचं कारण. त्यामुळे चाचांच्या दुकानात सगळं गाव निवांतपणाचं सोंग घेऊन बसतं. कोर्टात तारीख असलेला माणूस पाय लांब करून जांभया देतो. ज्याच्या घरी व्याही येऊन बसलेत तो म्हणतो, "चहा सांगा चाचा, आज काय काम न्हाई." पण चाचाही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. ते माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, पायाकडे बघतात. चपलेतला अंगठा हलताना दिसला की संपलं.

माझंच सांगतो. मला औंढ्याला मुलगी बघायला जायचं होतं. बाराच्या आत पोचायचं, जीप दाराशी यायची होती. मी आठ वाजताच दुकानात शिरलो, पायाचे अंगठे आखडून घेतले, तीन जांभया दिल्या, शिळा पेपर दोनदा वाचला. नंबर आला. उजवी बाजू झाली. आणि माझी बुद्धी फिरली, मी आरशातून मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चाचांनी कैची खाली ठेवली.

"घाई है?"

"छे हो, चाचा."

"मंग घड्याळ काहून बघून राहिले?" एवढं बोलून ते चहाला निघून गेले. अर्धा तास वाट बघितली, जीपवाला गल्लीतून हाका मारायला लागला आणि मी तसाच उठलो. औंढ्याच्या त्या बैठकीत माझा उजवा कल्ला कानाच्या वर होता आणि डावा कानाच्या पाळीखाली. मुलीचे मामा सगळा वेळ मान तिरकी करून माझ्याशी बोलत होते. लग्न जमलं, ते कसं जमलं देव जाणे. बायको आजही म्हणते, "मी तुम्हाला डावीकडून बघितलं होतं म्हणून हो म्हटलं."

चाचांना माणसांची नावं आठवत नाहीत, डोकी आठवतात. "ते दोन भोवऱ्याचं पोरगं काल आलं होतं," असं म्हणाले की ते कोण, हे आपण ओळखायचं. हल्लीची मुलं मोबाइलवर नट दाखवून तशी कटिंग मागतात. चाचा तो फोटो हातात घेतात, लांब धरून बघतात, जवळ धरून बघतात, बाकावरच्या सगळ्यांना दाखवतात, आणि सगळं गाव ज्या पद्धतीने कापतात तसंच त्याचंही कापून देतात. मुलगा रडकुंडीला आला की म्हणतात, "फोटो एक नंबर है बेटा. पन तुझं डोकं ते डोकं न्हाई."

आता वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण चाचांवरचा माझा राग तिथून सुरू झाला. बाबा शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि आई गेली. त्यानंतर बाबा खोलीत जे शिरले ते बाहेर येईनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दोन आठवडे असेच गेले. मग एका सकाळी चाचा आमच्या ओट्याशी आले. सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. "सर, दाढी वाढली तुमची. चला," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. बाबा त्यांच्या मागे गेले. त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी नऊ वाजता धुतलेला सदरा घालून, पेपर बगलेत मारून दुकानात जायचे आणि एक वाजता परत यायचे. एका दाढीला चार तास. ते दुकान नसतं तर बाबा त्या भिंतीकडून वळलेच नसते, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसायचं की बाबांना साखरेचा आजार आहे, बारा वाजता जेवून गोळी घ्यायची आहे, आणि हे गृहस्थ तोंडाला साबण फासून त्यांना बाकावर बसवून ठेवताहेत.

चार तास तिथे काय चालायचं तेही ऐकण्यासारखं होतं. चाचा उर्दू वाचतात, मराठी फाडफाड बोलतात, पण मराठी वाचता येत नाही. म्हणून बाबा साबणाच्या तोंडाने पेपर मोठ्याने वाचायचे, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. प्रत्येक बातमीला चाचांचा शेरा. हळदीचा भाव आला की वस्तरा हवेत थांबायचा आणि गिऱ्हाईक श्वास धरून बसायचं. कुठल्या पुढाऱ्याचा फोटो आला की चाचा वाकून बघायचे, "सर, ह्याची कटिंग कुनी केली? डाव्या कानावर ज्यादा राह्यलं." बाबा म्हणायचे, "उस्ताद, भाषण काय केलं ते तर ऐका." त्यावर चाचा, "कान बराबर न्हाई त्याचा, भाषण काय ऐकावं!"

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. रांगा, अर्ज, क्रमांक यांच्यात आयुष्य गेलेलं. एका रविवारी मी पुठ्ठ्याचे पंधरा तुकडे कापले, त्यांवर एक ते पंधरा आकडे घातले, भोकं पाडून दोरे ओवले आणि ते चाचांच्या दुकानात खिळ्याला अडकवून आलो. जो येईल त्याने वरचा नंबर घ्यायचा, आणि त्याच क्रमाने काम. साबण फक्त खुर्चीवर बसल्यावर. चाचांनी बराच वेळ त्या पुठ्ठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "सरच्या लेकराचं काम है," ते म्हणाले, "करावंच लागंल."

आणि त्यांनी केलं, हीच तर गंमत. मला वाटलं होतं की दोन दिवसांत पुठ्ठे गटारात दिसतील. पण चाचा शब्दाचे पक्के. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. दहा मिनिटांत डोकं, पाच मिनिटांत दाढी, कुठे ओरखडा नाही. हात असा चालायचा की बघत राहावं. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस हळू नव्हताच! गल्लीतले लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायला लागले. एकाने तर मी नगरपालिकेला उभं राहावं असं सुचवलं. चार दिवस मी छाती पुढे काढून फिरलो.

बाबा नऊच्या ठोक्याला जाणारे, त्यामुळे त्यांना रोज एक नंबर. नऊ वाजून वीस मिनिटांनी घरी. पहिल्या दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले, "झालं." मी म्हटलं, "बघा, किती वेळ वाचला!" ते म्हणाले, "हो, वाचला खरा." मग खुर्ची ओढून बसले आणि पेपर उघडून मोठ्याने वाचायला लागले. आत बायको कणीक मळत होती, ती ऐकत होती बिचारी, पण मध्येच तोडून कुणी काही बोलत नव्हतं. दोन बातम्या झाल्या आणि त्यांनी पेपर मिटला. साडेदहाला विचारलं, जेवायला किती वेळ आहे. अकराला पुन्हा विचारलं. सातव्या-आठव्या दिवशी म्हणाले, "आज दाढी राहू दे." दुसऱ्या दिवशीही राहू दिली. तिसऱ्या दिवशी मी कचेरीत निघताना खोलीत डोकावलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते, गालावर पांढरे खुंट वाढलेले. आई गेल्यानंतर बघितला होता तोच गाल.

कचेरीत न जाता मी दुकानात गेलो. सकाळचे दहा वाजले होते आणि दुकान रिकामं होतं. बाकावर चिटपाखरू नव्हतं. चाचा मोडक्या खुर्चीत बसून पेपरातली चित्रं बघत होते.

"चाचा, बाबा तीन दिवस झाले, घराबाहेर येईनात."

"व्हय," ते म्हणाले. "माझा भी पेपर तुंबला. इथं येऊन वाचायला लागले की एक पान न्हाई होत तर नंबर येते." मग खिळ्याकडे हनुवटी करून म्हणाले, "तुमचं काम बराबर है. मी न्हाई म्हनत न्हाई. लोक येऊन राहिले, जाऊन राहिले. बसून कोनी न्हाई राहिलं."

मी खिळ्यावरचे पुठ्ठे काढले आणि खिशात कोंबले. चाचांनी एवढ्याचीच वाट बघितल्यासारखा वाटीत साबण घेतला, ब्रश फिरवून फिरवून भरपूर फेस काढला आणि तो फेसाचा ब्रश हातात धरून दुकान तसंच उघडं टाकून निघाले. मी मागे. भर बाजारातून आमची ही वरात आमच्या घरी आली. चाचा सरळ बाबांच्या खोलीत शिरले, त्यांना उठवून बसवलं, आणि बाबा "अरे उस्ताद, अरे" म्हणेपर्यंत दोन्ही गालांना साबण लावून मोकळे झाले. "बाकीचं दुकानात," असं म्हणून ते जसे आले तसे परत गेले. माघारी वळून बघितलंसुद्धा नाही.

मग बाबा उठले, धुतलेला सदरा घातला, न वाचलेले सगळे पेपर गोळा केले आणि पांढऱ्या तोंडाने बाजारातून चालत गेले. आयुष्यभर ज्यांना बघून पोरं खडू लपवायची ते आमचे बाबा! लोक उभे राहून बघत होते आणि बाबा डाव्या-उजव्या हाताला नमस्कार करत चालले होते. त्या दिवशी ते साडेतीन वाजता घरी आले. मी मुकाट्याने ताट वाढलं, गोळी दिली, आणि तेव्हापासून कचेरीत जाता जाता त्यांच्या खिशात चार बिस्किटं ठेवायला लागलो.

पुढे माझी बदली संभाजीनगरला झाली. बाबांना एकटं कसं ठेवणार? गुडघे गेलेले, नजर कमी झालेली. त्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. निघायच्या सकाळी टेम्पोत सामान भरलं, आणि बाबा म्हणाले, शेवटची दाढी करून येतो. मला पुढचं सगळं दिसत होतं, तरी मी हो म्हटलं. अकरा वाजले, टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला. मी दुकानात गेलो. बाबा साबण लावून बाकावर. चाचा कुठे दिसेनात. ते सायकलवाल्याकडे होते. तिथून आले, बाबांना पुन्हा एक हात साबण लावला, पुन्हा गेले. मग पाणी आणायला गेले. मग वस्तऱ्याचं पातं सापडेना. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "घाई है?"

त्यांचे डोळे लाल दिसत होते. मी बाबांच्या शेजारी बाकावर टेकलो आणि म्हणालो, "नाही चाचा. आज काही काम नाही." टेम्पो तीन वाजता निघाला.

इथे आमच्या कॉलनीत चांगलं सलून आहे. काचेचं दार, गार हवा, मोबाइलवरून वेळ ठरवायची. कारागीर कानात काहीतरी खुपसून असतो, त्यामुळे तो कुणाशी बोलत नाही आणि कुणाचं ऐकत नाही. सात मिनिटांत बाबा बाहेर. कसं आहे म्हणून मी विचारलं की म्हणतात, "स्वच्छ आहे." मग गॅलरीत पेपर घेऊन बसतात. मनातल्या मनात वाचतात.

गेल्या महिन्यात सकाळी चाचांचा फोन आला. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन मोठ्या आवाजात लावलेला असतो आणि घरभर ऐकू जातो. गुडघ्याचं झालं, पाण्याचं झालं, हळदीच्या भावाचं झालं. मग चाचांनी विचारलं, "सर, दाढी कुठं करून राहिले?"

"आहे इथे एक दुकान."

"टाइम किती घेते?"

बाबांनी मांडीवरचा पेपर मिटला. मी दाराआड उभा होतो. मग बाबा बोलायला लागले, आणि ज्या माणसाने उत्तरपत्रिकेत कुणाला अर्धा गुण उगाच दिला नाही त्याचा तो आवाज मला ओळखू येईना. "काय सांगू उस्ताद, नुसती गर्दी! साबण लावून ठेवतो आणि निघून जातो. परवा दोन तास बसलो. काल तर जेवायची वेळ टळली, सूनबाई रागावली. पण मंडळी चांगली आहेत. मी पेपर वाचून दाखवतो, सगळे ऐकतात."

मी दाराआडच थांबलो.

"दोन तास?" चाचा म्हणाले. "मंग मला काळजी न्हाई, सर. कारागीर चांगला है."

"चांगला आहे," बाबा म्हणाले, आणि आपल्या गुळगुळीत गालावरून हात फिरवत बसले.